चित्रप्रदर्शनाचं बोलावणं ईमेलने धाडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात, पेठेत, माझं चित्रं फ्रेम करण्याचं दुकान आहे. फ्रेमला येणारे चित्रकार आणि फ्रेम घेऊन जाणारी गिऱ्हाईकं यांची गाठ घालून देण्याचं काम हळूहळू माझ्या अंगावर आलं. कुणाचं प्रदर्शन लागलं की दुकानाच्या यादीतल्या नऊशे-साडेनऊशे लोकांना ईमेल मीच पाठवतो. ते पाहून इतर दुकानदार, चित्रकार आणि चित्रकारांची मुलं फोन करून तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केलेत, आधी सोपे आणि मग डोकं खाणारे.

१. व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला?

व्हॉट्सॲपही वापरा, मीही वापरतो. पण त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसंच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोहोचतो. फ्रेमवाल्याचा नंबर कोण सेव्ह करतं? शिवाय सुप्रभातच्या फुलांखाली तुमचं कार्ड तासाभरात गाडलं जातं. ईमेल पडून राहतो. शनिवारी दुपारी "अगं, ते प्रदर्शन कुठे होतं?" म्हणून शोधला की सापडतो. चित्रं विकत घेणारी माझी बरीचशी गिऱ्हाईकं साठीच्या पुढची आहेत, आणि ती ईमेल अजून पेपरासारखा सकाळी बसून वाचतात.

२. माझ्याच जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत (एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत त्या रकान्यात) टाकून एकदम पाठवलं तर?

पन्नास-साठ नावं असतील तर खुशाल पाठवा. फुकटच्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो. ती हद्द ओलांडली की पाठवणं चोवीस तासांपर्यंत बंद पडू शकतं, म्हणजे ऐन उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुमची वाचा बसणार.

त्याहून मोठी भीती घाईची. एकदा दुकानात गर्दी असताना मी दोनशेवर पत्ते बीसीसीऐवजी सीसीत टाकले, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले. पाच मिनिटांत एका आजोबांनी "हार्दिक शुभेच्छा" असं सगळ्यांना उत्तर दिलं. दुसऱ्याने "कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नये" हेही सगळ्यांनाच कळवलं. संध्याकाळपर्यंत चाळीसेक मेल फिरले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच गठ्ठ्यावर कुणीतरी फ्लॅटची जाहिरात धाडली. माफी मागायला दोन दिवस फोन करत होतो.

गंमत अशी की जगातला पहिला स्पॅम, म्हणजे न मागता धाडलेला गठ्ठा मेल, समजला जाणारा मेल हाही एक बोलावणंच होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे गॅरी थर्क यांनी ३ मे १९७८ रोजी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक पाहायला या असं एकाच मेलने कळवलं. पत्ते इतके झाले की त्यांच्या जागेत मावले नाहीत, उरलेले खाली मजकुरात सांडले. लोक चिडले ते चिडलेच.

३. मग कुठली सेवा घ्यायची? फुकट मिळते का?

एकगठ्ठा मेल पाठवून देणाऱ्या ब्रेव्हो, मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स या सेवांपैकी जिचा पडदा तुम्हाला समजतो ती घ्या. काम सगळ्यांचं सारखंच आहे. प्रत्येकाला मेल स्वतंत्र जातो, खाली "यादीतून नाव काढा" अशी लिंक आपोआप लागते आणि परत आलेले पत्ते बाजूला पडतात. ब्रेव्होच्या फुकट योजनेत दिवसाला ३०० मेल जातात, म्हणजे माझ्या यादीला तीन-चार दिवस लागतात. मी त्याचा फायदाच करून घेतो. पहिल्या दिवशी पूर्वी चित्र विकत घेतलेल्यांना, मग नेहमी पाहायला येणाऱ्यांना, आणि शेवटी फक्त देवाचे फोटो फ्रेम करून नेणाऱ्यांना.

या सेवांमधून स्वतःचा जीमेल पत्ता लावून मेल पाठवायचा विचार असेल तर आधी प्रश्न ८ वाचा.

४. ईमेल पत्ते आणायचे कुठून?

दुकानाच्या बिलबुकातून आणि प्रदर्शनाच्या अभिप्राय वहीतून. पण अभिप्राय वही जशी असते तशी कामाची नाही. माझ्यासमोर आत्ता एक पान उघडं आहे. "अप्रतिम!! पावसाची चित्रं विशेष." खाली सही, आणि सहीच्या शेपटीत गुंतलेला ईमेल. त्यातला एक आकडा आहे की अक्षर हे तीन जणांना दाखवून कळलं नाही. पुढे आडवी रेघ आहे, ती मध्ये आहे की तळाला तेही नक्की नाही, कारण तिथेच चहाच्या कपाचा गोल उमटलाय.

म्हणून आता अभिप्राय वहीशेजारी मी वेगळी वही ठेवतो. रकाने चारच: नाव, ईमेल, "पुढच्या प्रदर्शनाचं कळवू का?" आणि तारीख. पत्ता माणसाने लिहायचा आणि टेबलाशी बसलेल्याने मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याच रात्री "आलात, बरं वाटलं" एवढाच मेल पाठवायचा. पत्ता चुकला असेल तर मेल लगेच परत येतो, आणि माणूस अजून आठवणीत असतो.

एक्सेलमध्ये मराठी नावं भरून ती सेवेत चढवताना फाइल "सीएसव्ही यूटीएफ-८" या प्रकारात जतन करा. साध्या सीएसव्हीत कुलकर्णींच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

५. एकजण पाच हजार पुणेकरांचे पत्ते विकतोय. घेऊ का?

नको. त्यांतल्या एकानेही तुम्हाला पत्ता दिलेला नाही. अर्धे पत्ते मेलेले असतात, उरलेले लोक "स्पॅम" दाबतात, आणि त्याचा फटका तुमच्या चांगल्या गिऱ्हाइकांना जाणाऱ्या मेललाही बसतो. तो कसा, ते प्रश्न ८ मध्ये.

६. पत्ता माझ्याच बिलबुकात आहे, तरी परवानगी लागते? कायदा काय म्हणतो?

भारतात फक्त ईमेल स्पॅमसाठी असा वेगळा कायदा नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८चे नियम व्यापारी फोन आणि एसएमएसपुरते आहेत. पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, कागदावर घेतलेली माहिती पुढे संगणकात भरली की तीही या कायद्याखाली येते. अभिप्राय वही एक्सेलमध्ये टाइप केली की झालं. दुसरी, माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची. "फ्रेम तयार झाली की कळवा" म्हणून दिलेला पत्ता हा प्रदर्शनाला बोलावण्याचा परवाना नव्हे. तिसरी, होकार मागे घेणं हे होकार देण्याइतकंच सोपं हवं. वहीत एक टिक करून नाव घातलं असेल तर एका टिचकीत निघालंही पाहिजे, "दुकानात येऊन अर्ज द्या" चालणार नाही.

माझ्या जुन्या यादीचं मी असं केलं: सगळ्यांना एकदाच साधा मेल पाठवून विचारलं की वर्षातून चार-पाच प्रदर्शनांचं कळवत जाऊ का. जे गप्प राहिले त्यांची नावं काढली. यादी जवळपास निम्मी झाली. प्रदर्शनाला येणारी माणसं मात्र तेवढीच राहिली.

७. छापखान्याने कार्डाचं सुंदर चित्र बनवून दिलंय. तेच मेलमध्ये टाकलं की झालं ना?

नाही झालं. अनेकांच्या मेलमध्ये चित्रं आपोआप उघडत नाहीत, त्यांना नुसता रिकामा चौकोन दिसतो. शिवाय चित्रातली तारीख शोधून सापडत नाही, पत्त्यावर बोट ठेवून नकाशा उघडत नाही, आणि नुसतं चित्र असलेल्या मेलकडे स्पॅम अडवणाऱ्या गाळण्याही संशयाने पाहतात. कार्ड जरूर लावा, पण हलकं करून, आणि त्याखाली सगळा मजकूर टाइप करा.

टाइप करा म्हणजे खरंच करा. डीटीपीवाल्याच्या फाइलमधून मजकूर उचलून चिकटवला तर बहुतेक वेळा तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तुमच्या संगणकावर ठीक दिसतं, आणि गिऱ्हाइकाला मंत्र-तंत्र लिहून पाठवल्यासारखं दिसतं.

मजकूर किती असावा? मी गेल्या वेळी लिहिलेला जवळजवळ जसाच्या तसा देतो:

"स. न. वि. वि. भाताच्या खाचरांचं जलरंगातलं चित्र तुम्ही दिवाळीत माझ्याकडून फ्रेम करून नेलंत, त्याच चित्रकाराची नवी २२ चित्रं शुक्रवारपासून तीन दिवस बालगंधर्वच्या कलादालनात आहेत. विषय मावळातला पाऊस. वेळ सकाळी ११ ते रात्री ८. गाडी आणणार असाल तर जंगली महाराज रस्त्यावर जागा मिळणं कठीण आहे. मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक अगदी जवळ आहे. मी स्वतः शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ तिथे असेन. या."

चित्रकाराचा परिचय, पुरस्कार, मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन हे सगळं याच्याखाली. चित्रकारांना हे पटत नाही. त्यांना परिचय वर हवा असतो. पण वाचणारा आधी हेच बघतो की हे कोण लिहितंय आणि मला कुठे, कधी जायचंय.

ही खाचरांची ओळ फक्त ज्यांनी ते चित्र नेलं त्या अकरा जणांना गेली होती. बाकीच्यांच्या मेलमध्ये तिथे वेगळी ओळ होती. एवढा त्रास घ्या.

८. माझे मेल स्पॅममध्ये का जातात?

याची तीन कारणं वारंवार सापडतात.

पहिलं, पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केलेत. सेवेमार्फत मेल पाठवताना "प्रेषक" म्हणून जीमेलचा पत्ता लावला तर दुसऱ्याच दारातून आलेला मेल जीमेलचं नाव सांगतोय असं दिसतं, आणि तो बाजूला टाकला जातो. त्यासाठी दुकानाच्या नावाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्या आणि त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. एसपीएफ म्हणजे माझ्या नावाने पत्र कोण टाकू शकतो त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचा लाखेचा शिक्का, आणि डीमार्क म्हणजे यादी-शिक्का जुळला नाही तर पाकिटाचं काय करायचं त्याची सूचना. दिवसाला जीमेलच्या ५,००० पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या आहेत. तुमचे ९०० असले तरी करूनच घ्या, सेवेवाले कुठे काय चिकटवायचं ते दाखवतात.

दुसरं, लोकांच्या तक्रारी. स्पॅम म्हणून दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहिलं पाहिजे अशी गूगलची अट आहे, आणि ०.१च्या खाली असेल तर उत्तम. हजार मेलमागे तीन माणसं! म्हणून "यादीतून नाव काढा" ही लिंक बारीक राखाडी अक्षरांत लपवू नका. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

तिसरं कारण किरकोळ वाटतं. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं आणि बाकीचा भाग दुसऱ्या पानावर ढकलतं. सजावटीचे तयार साचे वापरले की एवढं वजन सहज होतं, आणि कापला जातो तो नेमका तळ, जिथे नाव काढायची लिंक असते.

जीमेलच्या प्रमोशन्स या जाहिरातींच्या कप्प्यात मेल गेला तर मात्र रडू नका. तो स्पॅम नव्हे.

९. विषयाच्या ओळीत काय लिहू?

"सस्नेह निमंत्रण" सोडून काहीही. ते लग्नपत्रिकेसारखं दिसतं आणि माणूस आहेराच्या विचाराने पुढे सरकतो. मोबाइलवर पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, त्यात वार, जागा आणि विषय बसवा: "शुक्रवारपासून बालगंधर्वला मावळातला पाऊस". देवनागरी विषय चालतो. उद्गारचिन्हं आणि "शेवटची संधी" नको.

१०. कधी आणि किती वेळा पाठवायचा?

एका प्रदर्शनाला तीन. दहा दिवस आधी पहिला, आदल्या संध्याकाळी आठवणीचा, आणि शेवटच्या दिवशी सकाळी दोन ओळींचा: "आज रात्री ८ला चित्रं उतरतील." तिसऱ्याला सगळ्यात जास्त माणसं येतात, हा माझा दरवेळचा अनुभव आहे. जे येऊन गेले त्यांना तो पाठवू नका. त्यासाठी दारातली वही रोज रात्री यादीशी ताडून पाहावी लागते.

तारीख ठरवताना चित्रकाराचे कान उपटायला हरकत नाही. गणपतीत संध्याकाळी डेक्कनच्या बाजूला गाडी घालायची कुणाची छाती होत नाही. पितृपक्षात घरात नवी वस्तू नको म्हणणारे आहेत, पण ते पाहून ठेवतात आणि नवरात्रात घेऊन जातात. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत आपली निम्मी यादी मुकुंदनगरला बसलेली असते.

११. "प्रिय ग्राहक" लिहू की प्रत्येकाचं नाव?

नाव, पण जपून. इंग्रजीसाठी बनवलेल्या सोयीत मराठी घातलं की ती कुठेकुठे टोचते. "गेल्या वर्षी तुम्ही आला होतात" हे वाक्य सौ. गोखल्यांना गेलं की चुकलंच, आणि स्त्री-पुरुष असा रकाना यादीत नसतो. म्हणून वाक्यच असं लिहा की लिंग लागू नये: "गेल्या वर्षी प्रदर्शनात भेट झाली होती", "चित्र नेलंत", "या". "श्री." आपोआप लावू नका, डॉक्टरांना राग येतो. नवरा-बायकोचं खातं एकच असेल तर दोन्ही नावं लिहा. चित्र कुठलं घ्यायचं हे कोण ठरवतं ते मला दुकानात रोज दिसतं.

१२. किमती मेलमध्ये टाकाव्यात का?

प्रत्येक चित्राची नको. "चित्रं आठ हजारांपासून पुढे" अशी एक खरी ओळ टाका. आत शिरायला बिचकणारे पुष्कळ असतात, ते त्या ओळीने येतात.

१३. मेल कितीजणांनी उघडला ते दिसतं, त्यावर विश्वास ठेवू का?

फारसा नको. मेल उघडल्याची नोंद एका अदृश्य चित्रावरून होते. २०२१पासून ॲपलच्या मेलमध्ये ही चित्रं माणसाने मेल उघडण्याआधीच ओढून घेतली जाऊ शकतात, म्हणजे न वाचताही "उघडला" असं दिसतं. उलट चित्रं बंद ठेवणारा मेल वाचूनही मोजला जात नाही. नकाशाची लिंक कितीजणांनी दाबली ते पाहा. आणि चित्र विकलं गेलं की शेजारी लागते ती लाल टिकली, त्या टिकल्या मोजा.

१४. चित्रकार म्हणतात, "यादीच मला द्या, मी पाठवतो." नाही कसं म्हणू?

असंच म्हणा. लोकांनी पत्ता तुम्हाला दिलाय, त्यांना नाही (प्रश्न ६). मी सांगतो की मजकूर तुमचा, धाडणार मी, आणि तुमच्या वहीत जे नाव लिहितील ते तुमचे. हाच नियम उलटाही लागू होतो: चित्रकाराने ठेवलेल्या अभिप्राय वहीतले पत्ते दुकानाच्या यादीत गुपचूप घालायचे नाहीत. एका चित्रकाराशी यावरून माझं वाजलं होतं. आता ते फ्रेमला दुसरीकडे जातात.

१५. मेल गेला आणि मग चूक दिसली. आता?

वेलांटी चुकली असेल तर गप्प बसा. तारीख, वार, जागा चुकली असेल तर तासाभरात दुसरा मेल, विषयातच "दुरुस्ती:" लिहून, आणि आत फक्त बरोबर माहिती. लांबलचक दिलगिरी नको, तिच्यात नवी तारीख हरवते. वार आणि तारीख जुळतात का हे पाठवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून पाहायची सवय मला अशाच एका शनिवारनंतर लागली.

१६. यादीत अमेरिका-युरोपातली गिऱ्हाईकं आहेत. त्यांना पाठवू का?

मुलगा तिकडे आणि आई-वडील कोथरूडला, अशी घरं बरीच. मुलाला मेल गेला की तो आईला पिटाळतो, म्हणून पाठवाच. अमेरिकेच्या २००३च्या कायद्याप्रमाणे व्यापारी मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता हवा आणि नाव काढायला सांगितल्यावर कामाच्या १० दिवसांत ते निघालं पाहिजे. युरोपात होकाराची अट त्याहून कडक आहे. प्रश्न ४ प्रमाणे वही ठेवली असेल आणि दुकानाचा पत्ता तळाला असेल तर निम्मं काम झालंय. गूगलच्या नियमाप्रमाणे मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांनी नाव दोन दिवसांत काढायचं असतं. मी सगळ्यांसाठी तेच धरतो.

१७. यादीतल्या कुणाचं निधन झालं तर?

कळलं त्याच दिवशी नाव काढा. पत्नी किंवा मुलांचं नाव त्यांच्या जागी आपणहून घालू नका. एका काकूंनी मात्र वर्षभराने येऊन सांगितलं, "त्यांच्याच पत्त्यावर पाठवत जा, मी उघडते." ते नाव तसंच आहे, फक्त वरचा मायना बदललाय.

१८. स्वतः यादीतून नाव काढलेलं गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "आम्हाला नाही बोलावलंत!" काय करू?

हे पुण्यात घडतंच. तुम्हीच नाव काढलंत असं तोंडावर सांगू नका, आणि घाईने त्यांचं नाव यादीत परतही घालू नका. वही पुढे करा. त्यांना लिहायचं असेल तर ते लिहितील. नाही लिहिलं तर गल्ल्याशेजारी छापील कार्डांचा गठ्ठा असतो, त्यातलं एक वर पेनने त्यांचं नाव घालून हातात द्या. मी दर प्रदर्शनाला पन्नास कार्डं यासाठीच छापून घेतो, आणि ती संपतात.